छातीत दुखणाऱ्याच्या रक्ताच्या रिपोर्टवर वेळ लिहा : मराठवाड्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्य उपसंचालक, छत्रपती संभाजीनगर मंडळ आणि लातूर मंडळ,
तसेच मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे जिल्हा शल्यचिकित्सक यांस

सप्रेम नमस्कार.

आपल्या अखत्यारीतल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयातून छातीच्या दुखण्याचे मागच्या महिन्याचे केसपेपर मागवून घ्या आणि स्वतः चाळा. ‘ट्रॉप-टी निगेटिव्ह’ असं, म्हणजे हार्ट अटॅकसाठीची ट्रोपोनिन ही रक्तचाचणी निगेटिव्ह आली असं, ठसठशीत लिहिलेलं सापडेल. रक्त किती वाजता घेतलं, ते बहुधा सापडणार नाही. दुखणं किती वाजता सुरू झालं, ते तर त्याहूनही क्वचित. असा कागद हातात आला की मला धडकी भरते. वेळ नसलेला तो रिपोर्ट हृदयाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि तरी त्याच्याच भरवशावर माणूस घरी गेलेला असतो.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतो. कॅज्युअल्टीत रात्री काय चालतं ते मला माहीत आहे. एकटा मेडिकल ऑफिसर, एक सिस्टर, एका खाटेवर साप चावलेला, दुसऱ्या खाटेवर फवारणीचं औषध प्यायलेली पोरगी, आणि दारात नातेवाइकांचा गराडा. त्यात कुणी म्हणतं, ‘साहेब, पहाटेपासून छातीत भरून यायलंय.’ अशा वेळी पाच ओळींचा प्रोटोकॉल कुणी वाचत नाही. म्हणून मागणी छोटीच ठेवली आहे. ट्रोपोनिनच्या प्रत्येक रिपोर्टवर दोन वेळा लिहिल्या जाव्यात, एक दुखणं सुरू झाल्याची आणि एक रक्त घेतल्याची. आणि पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून, दुसरं रक्त तपासल्याशिवाय, कुणालाही घरी सोडू नये. ही मागणी का करतो आहे, ते पुढे सांगतो.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. रक्तवाहिनी बंद पडली, स्नायूच्या पेशी मरायला लागल्या, की ते पाझरून रक्तात येतं. पण ते लगेच येत नाही. आपल्याकडच्या साध्या कार्डावर (रक्ताचे थेंब सोडून तिथेच रिपोर्ट वाचायची पट्टी) रेघ उमटण्याइतकं ट्रोपोनिन जमायला चार ते सहा तास जातात. मोठ्या प्रयोगशाळांतल्या अतिसंवेदनशील चाचण्यांना ते एक ते तीन तासांत दिसू लागतं. एकदा वाढलं की मग अनेक दिवस वाढलेलं राहतं. म्हणजे दुखणं सुरू झाल्यावर तासाभरात कार्ड लावायचं आणि निगेटिव्ह म्हणायचं, हे पेरणीच्या दुसऱ्या दिवशी वावरात जाऊन बियाणं बोगस निघालं म्हणण्यासारखं आहे.

आता यातली गंमत पाहा, गंमत म्हणण्यासारखी नसली तरी. आपण भिंती रंगवतो, आशाताईंना सांगायला लावतो की छातीत दुखलं तर वेळ घालवू नका, लगेच दवाखाना गाठा. जो हे ऐकतो तो अर्ध्या-पाऊण तासात मोटरसायकलवर मधे बसून येतो. त्याचं कार्ड निगेटिव्हच येणार. जो दिवसभर सोडा पिऊन, बाम चोळून, संध्याकाळी येतो त्याचं पॉझिटिव्ह येतं आणि त्याच्यासाठी धावपळ होते. आपली व्यवस्था शहाण्या पेशंटला परत पाठवते आणि उशीर करणाऱ्याला दाखल करून घेते. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘क्रिएट’ या भारतीय पाहणीत हृदयविकाराचे वीस हजारांहून अधिक रुग्ण होते, आणि त्यातल्या निम्म्यांना दवाखाना गाठायला सहा तास किंवा त्याहून जास्त लागले होते. कार्डावरची रेघ खरी ठरते ती अशाच पेशंटांत. लोक लवकर यायला लागले, आणि यावेतच, तर हेच कार्ड जास्त वेळा फसवेल.

एक पेशंट सांगतो. ऊसतोडीला जाणारा, चाळिशीतला, विडी ओढणारा. सकाळी मोळी उचलताना छातीत कळ निघाली, घाम फुटला. मुकादमाने गाडी दिली, तासाच्या आत एका दवाखान्यात पोचला. ईसीजी काढला, त्यात ठळक काही नव्हतं. कार्ड लावलं, निगेटिव्ह. पित्ताचं इंजेक्शन दिलं, बरं वाटलं. (पित्ताच्या औषधाने बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक, हा समज किती जणांना नडला असेल कुणास ठाऊक. हृदयाचं दुखणं आपोआपही कमी-जास्त होतं.) रात्री माझ्याकडे आला तेव्हा ईसीजी बदललेला होता, आणि कार्ड उजेडात धरून बघायचीही गरज नव्हती इतकी रेघ गडद. लातूरला पाठवला. जगला. पण हृदयाची ताकद घटली ती घटलीच, आणि उसाचा हंगाम त्याच्यासाठी कायमचा संपला. त्याच्या सकाळच्या केसपेपरवर कुठलीच वेळ नव्हती. दुपारी दुसरं कार्ड लावायला हवं होतं, हे त्या कागदावरून कुणाला कळणार होतं?

कार्डाबद्दल थोडं अजून, कारण खरेदी आपल्याकडून होते. फॉइल फाडायचं, खिडकीत रक्ताचे थेंब सोडायचे, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. ‘सी’ची रेघ म्हणजे कार्ड चालू आहे, ‘टी’ची रेघ म्हणजे ट्रोपोनिन आहे. ट्यूबलाइटखाली कार्ड तिरपं धरून ‘आहे का हो, सिस्टर, पुसट?’ असं विचारणारे डॉक्टर मी पाहिले आहेत, मीही विचारलं आहे. पुसट रेघ ही रेघच धरायची असते, हे बहुतेक कार्डांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं; ते पत्रक मात्र खोक्यासोबत कचऱ्यात जातं. शिवाय आपण सरसकट ‘ट्रॉप-टी’ म्हणतो, पण पुष्कळ कार्डं ट्रोपोनिन-आयची असतात. त्यातल्या अनेकांवर रेघ उमटायला लिटरमागे ५०० नॅनोग्रॅमच्या आसपास ट्रोपोनिन लागतं. एका प्रचलित अतिसंवेदनशील ट्रोपोनिन-आय चाचणीत निरोगी माणसाची वरची मर्यादा पुरुषांत ३४ आणि बायकांत १६ नॅनोग्रॅम आहे. म्हणजे ३४ आणि ५०० यांच्यामध्ये जो कुणी अडकला आहे त्याचं हृदय दुखावलेलं आहे, आणि आपलं कार्ड त्याला पास करतं. बायकांचा आकडा निम्मा आहे, याकडेही लक्ष वेधतो. मधुमेह असलेली पन्नाशीची बाई ‘जीव घाबरा होतो, पाठीत भरल्यासारखं वाटतं’ म्हणत येते, तिला आपण आधीच ‘गॅस’ म्हणून मोकळे होतो, आणि वर कार्डही तिच्या विरोधात साक्ष देतं.

मग उन्हाळा. ही कार्डं साधारण ३० अंशांपर्यंतच ठेवायची असतात. मे महिन्यात परभणीचा, नांदेडचा पारा ४२-४३ वर जातो. औषध भांडाराच्या खोलीत, बंद खिडकीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात किती असेल, याचा अंदाज आपण करावा. लसींसाठी आपण आइसलाइन्ड फ्रीज देतो, दिवसातून दोनदा तापमान लिहून घेतो. ट्रोपोनिन कार्डांच्या कपाटात एक साधं थर्मामीटरही नाही.

याच्या उलटी चूकही होते, आणि ती जास्त महाग पडते. ईसीजीत एसटी (आलेखातला एक ठरावीक भाग) सरळ सरळ वर गेलेला दिसतो आहे, आणि तरी कुणीतरी म्हणतं, ‘ट्रॉप-टी येऊ द्या, मग ठरवू.’ का? एसटी वर गेलेल्या हार्ट अटॅकमध्ये ट्रोपोनिनसाठी एक मिनिटही थांबायचं नसतं. तिथे निदान ईसीजीने झालेलं आहे. पेशंट आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी, आणि दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर रक्तवाहिनीतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन, ही जगभर मानलेली रीत. किनवटचा पेशंट नांदेडला सव्वाशेहून जास्त किलोमीटर कापून दोन तासांत कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीतल्या, टेबलावर पोचेल, असं मानणारा माणूस तो रस्ता कधी गेलेला नाही. आष्टीचा तर बीडकडे येतच नाही, नगरची वाट धरतो. म्हणजे आपल्याकडे इंजेक्शन तालुक्यातच द्यायला हवं. त्यातलं टेनेक्टेप्लेज वजनाप्रमाणे एकाच झटक्यात शिरेतून देता येतं. स्ट्रेप्टोकायनेजचे १५ लाख युनिट अर्ध्या ते एका तासात सोडायचे असतात. पहिल्या दोन-तीन तासांत दिलं तर फायदा सर्वांत जास्त, बारा तासांनंतर फारसा नाही. आणि नेमक्या याच पहिल्या तासांत ट्रोपोनिन निगेटिव्ह असू शकतं. कार्डाची वाट बघण्यात आपण इंजेक्शनची सोन्यासारखी वेळ घालवतो, आणि कार्ड निगेटिव्ह आलं की ईसीजीवरच शंका घेतो.

तेव्हा ट्रोपोनिनचं खरं काम कुठे? ईसीजी ठीक आहे किंवा गोलमाल आहे, आणि दुखण्याची गोष्ट संशय घ्यावा अशी आहे, तिथे. तिथे एका रिपोर्टपेक्षा दोन रिपोर्टांमधला फरक बोलका असतो. २०१८ साली ठरलेल्या हार्ट अटॅकच्या चौथ्या जागतिक व्याख्येत हेच म्हटलं आहे: ट्रोपोनिन मर्यादेच्या वर असायला हवं, ते चढताना किंवा उतरताना दिसायला हवं, आणि सोबत रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण, म्हणजे तसं दुखणं किंवा ईसीजीतला बदल, असायला हवी. अतिसंवेदनशील चाचणी असेल तर हा फरक एक, दोन किंवा तीन तासांत कळतो. कार्ड असेल तर दुखणं सुरू झाल्यापासून किमान सहा तास उलटल्यावर पुन्हा लावायचं, आणि मधल्या वेळात दुखणं चालूच असेल तर ईसीजी पुन्हा पुन्हा काढायचा.

‘चढताना किंवा उतरताना’ हे शब्द आपल्याकडे आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहेत. ट्रोपोनिन वाढलं म्हणजे अटॅक आला असं नाही, फक्त हृदयाचा स्नायू दुखावला आहे. कशाने, ते ट्रोपोनिन सांगत नाही. डायलिसिसवरच्या पेशंटचं ते कायमच थोडं वर असतं. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनल्यावर, वाढतं, डेंगीनंतर हृदयाला सूज आली की वाढतं, फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली तरी वाढतं. आणि लाल विंचू. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडकडे काम करताना प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे मृत्यू कसे रोखता येतात ते जगाला दाखवलं, ते आपण सगळे अभिमानाने सांगतो. त्या विंचवाच्या विषाने हृदयावर मारा होतो, ईसीजी बिघडतो आणि ट्रोपोनिन वाढतं. रानात रात्री पाणी द्यायला गेलेला तरुण घामाने निथळत येतो, पायाला काय चावलं ते त्याला अंधारात कळलेलं नसतं. त्याला प्राझोसिन हवं असतं. कार्डाची रेघ पाहून कुणी त्याला अटॅकच्या उपचारांवर टाकलं तर काय होईल, हे मी सांगायला नको.

डी-डायमरकडे, म्हणजे रक्ताची गाठ विरघळताना रक्तात येणारा तुकडा मोजणाऱ्या चाचणीकडे, वळतो, कारण कोविडनंतर हे नाव पानटपरीवरही माहीत झालं आहे. फुप्फुसातली रक्ताची गाठ आणि महाधमनी (हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी) फाटणं, छातीत दुखण्याची ही दोन जीवघेणी कारणं. दोन्हींत डी-डायमर वाढतं. पण बाळंतपणात वाढतं, ऑपरेशननंतर वाढतं, न्यूमोनियात वाढतं, कॅन्सरमध्ये वाढतं, नुसत्या वयानेही वाढतं. त्यामुळे या चाचणीचा उपयोग एकाच बाजूने आहे: डॉक्टरला मुळात संशय कमी आहे आणि डी-डायमरही कमी आलं, तर गाठ नाही असं म्हणून पेशंटला सीटी स्कॅनमधून वाचवता येतं. संशय मोठा असेल तर थेट सीटी. तिथे डी-डायमरची वाट बघायची नाही. पन्नाशीपुढच्यांसाठी ५०० ही मर्यादा न धरता वयाच्या दहापट धरतात, सत्तरीच्या म्हाताऱ्याला ७००. आणि हे आकडे एका विशिष्ट एककातले. काही लॅब दुसऱ्या एककात रिपोर्ट देतात, त्यात आकडा साधारण निम्मा येतो. एकक न बघता ‘वाढलंय’ किंवा ‘नॉर्मल’ लिहिणारे रिपोर्ट दोन्ही बाजूंनी मारतात.

तरीही छातीत दुखतंय म्हणताच ट्रोपोनिन, सीकेएमबी, डी-डायमर, एनटी-प्रोबीएनपी असा सगळा संच एकदम पाठवण्याची पद्धत पसरते आहे. खासगीत पॅकेज म्हणून, सरकारीत ‘राहायला नको काही’ म्हणून. न्यूमोनियाच्या म्हातारीचं डी-डायमर वाढलेलं येतं, आणि मुलगा शेळ्या विकून तिला सीटी अँजिओसाठी शहरात नेतो. सीकेएमबी ही हृदयाच्या इजेची जुनी चाचणी तर ट्रोपोनिन हाताशी असताना नेहमीच्या कामात ठेवायचं कारणच नाही. ते इतर स्नायूंतूनही येतं. दिवसभर पोती वाहणाऱ्या हमालाचा सीकेएमबी बघून हृदयाबद्दल बोलणं अवघड. एनटी-प्रोबीएनपी मात्र कामाचं आहे, पण धाप लागलेल्यासाठी. ते मिलिलिटरमागे ३०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर धाप हृदय थकल्यामुळे लागली असण्याची शक्यता फार कमी.

आणि महाधमनी फाटली आहे का, हे सांगणारी भरवशाची रक्तचाचणी अजून तालुक्यातच काय, कुठेच नाही. दोन्ही हातांचं बीपी मोजायला दोन मिनिटं लागतात. दोन्हींत मोठा फरक असेल, दुखणं पाठीत फाटल्यासारखं असेल, तर गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनला हात लावायच्या आधी थांबायचं. ते इंजेक्शन तिथे जीव घेतं.

आता पैशांचं. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आकडा देणारं लहान ट्रोपोनिन मशीन हवं. बोटभर जागा लागते, पंधरा-वीस मिनिटांत रिपोर्ट येतो, अतिसंवेदनशील दर्जाचीही आता मिळतात. पण घेताना एक गोष्ट पाळा, नाहीतर घेऊन उपयोग नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ट्रोपोनिनचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. गेवराईला एका कंपनीचं, बीडला दुसऱ्याचं आणि अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्याचं मशीन असलं, तर पेशंट वरवर जाईल तसा पहिला आकडा वाया जाईल आणि प्रत्येक ठिकाणी घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होईल. रेफरची साखळी जिथपर्यंत जाते तिथपर्यंत एकच चाचणी घ्या. मग तालुक्यातलं रक्त हा पहिला नमुना, १०८ मधून पेशंट पोचला की तिथलं रक्त हा दुसरा, आणि रस्त्यात गेलेला वेळ निदानाच्या कामी येईल. टेंडर जिल्हावार, योजनावार वेगवेगळी निघतात हे ठाऊक आहे. म्हणूनच हे पत्र एका शल्यचिकित्सकाला न लिहिता दोन्ही मंडळांना लिहितो आहे.

मशीन येईल तेव्हा येईल. शिक्क्याला मात्र टेंडर लागत नाही. केसपेपरवर मारायला एक रबरी शिक्का, त्यात तीन ओळी: ‘दुखणे सुरू : __ वा. रक्त घेतले : __ वा. पुढचे रक्त : __ वा.’ तिसरी ओळ सर्वांत कामाची, कारण ड्युटी बदलली तरी ती कागदावर राहते, आणि सकाळच्या सिस्टरला रात्रीच्या डॉक्टरला फोन करावा लागत नाही.

यावर आपल्याकडून येणारा आक्षेप मला माहीत आहे. रात्री लॅब टेक्निशियन नसतो. नसतोच. पण कार्डाला टेक्निशियन लागत नाही; मलेरियाचं कार्ड आशाताई गावात लावते, मग ट्रोपोनिनचं कार्ड स्टाफ नर्सने लावायला काय हरकत आहे? तसं लेखी परिपत्रक मात्र आपल्याकडूनच निघायला हवं, नाहीतर उद्या काही झालं तर गळा तिचा सापडेल. दुसरा आक्षेप खाटांचा. सहा तास संशयित पेशंटला ठेवायचं कुठे? तीस खाटांच्या रुग्णालयात हा प्रश्न खरा आहे, त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण सगळ्यांनाच ठेवावं लागणार नाही. दुखण्याची हकिकत, ईसीजी, वय, मधुमेह-बीपी-तंबाखूसारखे धोके आणि ट्रोपोनिन या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देणारा हार्ट स्कोअर भिंतीवर चिकटवता येतो. तीनपर्यंत गुण असलेल्यांचा धोका कमी. त्यांना दुसरं कार्ड होईपर्यंत बाकड्यावर बसवलं तरी चालेल, फक्त गेटबाहेर सोडू नका. चार आणि त्यापुढच्यांना खाट, आणि वेळेत गाडी.

पुढच्या मासिक आढावा बैठकीत बाळंतपणं आणि लसीकरणाच्या तक्त्यांनंतर हा विषय दहा मिनिटं घ्यावा, आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना येताना छातीच्या दुखण्याचे दहा केसपेपर आणायला सांगावं. वेळ लिहिलेले किती, ते तिथेच मोजता येईल. शिक्क्यांचा पहिला गठ्ठा मी आणि आमच्या तालुक्यातले दोन-तीन डॉक्टर मिळून स्वखर्चाने करून द्यायला तयार आहोत. शाईचं पॅड रुग्णालयात असतंच.

आपला,
बीड जिल्ह्यातील एक फिजिशियन